न जळणाऱ्या लोकरीच्या गावी

बीडला निघाले तेव्हा बॅगेत कपड्यांपेक्षा इतर सामानच जास्त होतं. फवारणीची बाटली, भांडी घासायचा साबण, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, चिकटपट्टीची रिळं, नाकाला घट्ट बसणारे मास्क आणि एक लांबलचक वही. त्यात बॅगेची चेन ऐन स्टँडवर तुटली. एसटीत शेजारच्या बाईंनी आतला सगळा पसारा शांतपणे न्याहाळला आणि विचारलं, "साबण विकता का?" मी म्हटलं, "नाही हो, छपरं बघते." त्यांनी पदर सावरला आणि गेवराई येईपर्यंत माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत.

पण खरंच, माझं काम छपरं बघायचंच आहे. आपण ज्याला साधेपणानं सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात पुष्कळदा ॲस्बेस्टॉस असतं. तो एक दगडच, पण सुताळा. त्याचे धागे निघतात, ते जळत नाहीत, सडत नाहीत आणि स्वस्त पडतात. पत्रा धड असेपर्यंत ते धागे सिमेंटमध्ये पक्के बसलेले असतात. पत्रा फोडला, कापला, घासला की ते हवेत उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि छातीत एकदा गेले की बाहेर येत नाहीत. दुखणं लगेच होत नाही. वीस-तीस वर्षांनी होतं, तेव्हा माणूस पत्र्याचं विसरूनही गेलेला असतो. एक संस्था बीड जिल्ह्यातल्या काही जुन्या इमारती दुरुस्त करणार होती. दुरुस्तीच्या आधी कुठे काय आहे याची नोंद करायची, एवढ्यासाठी मला पाठवलं होतं. मी मूळची चिपळूणची, राहते पुण्यात, आणि मराठवाडा तोवर फक्त नकाशात पाहिलेला.

तेलगाव

तेलगावच्या रस्त्यावर उसाची राजवट होती. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, गाडीमागे ऊस ओढून पळणारी पोरं, आणि हवेत कच्च्या रसाचा गोड वास. जानेवारीचं ऊन कोवळं होतं. तूर काढून झाली होती, ज्वारी पोटऱ्यात आली होती. आमच्याकडे जमीन बघायची तर मान वर करावी लागते, झाडी आणि डोंगर आधी येतात. इथे नजर जाते ती जातच राहते. मला तर पहिले दोन तास उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं.

बघायचं होतं ते एक गोदाम. तिथले व्यवस्थापक हार घेऊन उभे! मी हार बघून ओशाळले, आणि मग वर बघितलं. छप्पर पांढरंफेक होतं.

"म्याडम येणार म्हणून दोन दिवस आधीच माणसं लावली," ते कौतुकानं म्हणाले. "तारेच्या ब्रशनं घासून घेतलं सगळं. शेवाळाचं नाव न्हाई ठेवलं! तुमाला बगाया नीट दिसावं."

खाली जमिनीवर पिठासारखी पांढरी भुकटी आणि त्या भुकटीशेजारी बसून दोघे गडी भाकरी खात होते. माझा पारा चढला. मी त्या भल्या माणसाला चारचौघांत असं काही झापलं की आता आठवलं तरी लाज वाटते. गड्यांना बाहेर काढलं, हातपाय आणि तोंड धुवायला लावलं, कपडे झटकू दिले नाहीत, ओले करून बदलायला सांगितले. मग मास्क लावून साबणाचं पाणी फवारत, ओल्या फडक्यांनी ती भुकटी मी टिपून घेतली, फडक्यांसकट दोन-दोन पिशव्यांत बांधली, वर चिठ्ठी चिकटवली. कोरडा झाडू फिरवायचा नाही, ही या कामातली पहिली गोष्ट. व्यवस्थापक दारात हार धरून तसेच उभे होते.

"आमी तर मानानं केलतं," ते हळूच म्हणाले.

"माहीत आहे हो," मी म्हटलं, "माझ्याच जिभेला हाड नाही." मग हार घातला, चहा झाला, रस झाला, वर गुळाची ढेप बांधून दिली. इथे रागावलेल्या पाहुण्यालाही रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. निघताना त्यांनीच सांगितलं, "जुने पत्रे वळखायचे तर घाटनांदूरच्या बिरू मिस्त्रीला धरा. ह्या भागातला निम्मा पत्रा त्यानंच चढवलाय. हात लावून सांगतो, माल कसला हाय ते."

घाटनांदूर

घाटनांदूरला मी मन्मथअप्पांकडे उतरले. अप्पा लिंगायत व्यापारी. सत्तरी ओलांडलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बाजारात भुसार मालाचं दुकान. गावाच्या कडेला त्यांच्या वडिलांची कापसाची जिनिंग गिरणी आहे, कित्येक वर्षं बंद पडलेली. तिथे मुलींसाठी शिवणकामाचं केंद्र काढायचं त्यांच्या मनात होतं.

"शरणार्थ, ताई," म्हणून त्यांनी हात जोडले, आणि "आलोच" म्हणून आत पूजेला गेले. त्या घरात अप्पांची लिंगपूजा झाल्याशिवाय कोणी घास खात नाही. मी सकाळपासून उसाच्या रसावर होते. पाऊण तास मी भिंतीवरचं कॅलेंडर तोंडपाठ केलं. पण नंतर पानात शेंगाची पोळी आली, वर तुपाची धार, बाजूला भाजक्या धान्या-मसाल्याच्या येसराची आमटी आणि कडक भाकरी, आणि मी सगळं विसरले. मासे नसलेलं जेवण मला एरवी उपासाचंच वाटतं. त्या दिवशी मी चार पोळ्या खाल्ल्या. अप्पांच्या सूनबाई पाचवी वाढायला निघाल्या, तेव्हा मी पानावर आडवा हात घातला.

तेवढ्यात बिरू मिस्त्री आले. जातीचे धनगर, अंगानं काटक, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी. सगळे त्यांना बिरूमामा म्हणतात, अप्पा सोडून.

"काय बे बिऱ्या, ताई कवाच्या वाट बघायल्यात."

"मेंढरं लावून आलतो, मालक. तुमच्यावानी गादीवर बसून पोट भरत न्हाई आमचं."

दोघे एका शाळेत होते, हे मला त्या भांडणाच्या सुरावरूनच कळलं.

गिरणी बाजारपेठेपासून पाचशे पावलं असेल. बिरूमामा तेवढ्यात तीनदा थांबले. एकदा तंबाखू मळायला, एकदा चप्पल नीट करायला, आणि तिसऱ्यांदा कारण सापडलं नाही तेव्हा नुसतेच. खांदे वर-खाली होत होते. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. या माणसानं निम्म्या भागाचा पत्रा कापलाय, हे मला माहीत होतं. त्याला कोणी काही सांगितलंय का, हे माहीत नव्हतं.

गिरणीत शिरल्यावर मात्र ते तरुण झाले. "हा पत्रा नवा, ह्यो वादळात गेलता तवा बदलला. ह्यो जुना. ह्यो त्याच्याहून जुना." मी वहीत आराखडा काढत होते, प्रत्येक पत्र्याला क्रमांक देत होते, खडूनं खांबावर खुणा करत होते. त्यांची आठवण इतकी पक्की, की माझा अर्धा दिवस वाचला. मग एका फुटक्या कोपऱ्याशी ते वाकले, कडेचा तुकडा काडकन मोडला, त्यातून लोंबणारे धागे चिमटीत धरून पिंजले, अंगठ्यावर लोळवले, ओठांजवळ नेले आणि हळूच फुंकर मारून, ते उडताना डोळे बारीक करून बघितलं.

"अहो, काय करताय!" मी किंचाळलेच.

ते दचकले. "वळखायलोय की! आमचा बा लोकर अशीच बगायचा. कातरली की पिंजायची, व्हटाजवळ धरायची, फुंकायची. लांब तार असंल तर थरथरती अन् चिटकून ऱ्हाती. भुसभुशीत असंल तर उडून जाती. ह्याचं बी तसंच हाय. जुन्या मालाची तार लांब."

शिकलेल्या माणसांना सूक्ष्मदर्शकाखाली बघून कळतं, ते या माणसाला धनगराच्या बोटांनी आणि ओठांनी कळत होतं. आणि बरोबर कळत होतं! माझ्या आयुष्यात मी इतकी हुशार आणि इतकी भयंकर परीक्षा पाहिलेली नाही. किती वर्षं करताय, म्हणून विचारलं. "मिसरूड फुटल्यापून," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडाला मास्क लावला, मोडक्या कोपऱ्यावर पाणी फवारलं, पडलेला तुकडा ओल्या फडक्यानं उचलला. तपासणीला तोच पुरेसा होता, नवा नमुना तोडावा लागला नाही.

मागच्या बाजूला बॉयलरची खोली होती. बॉयलर कधीच भंगारात गेलेला. भिंतीवर फक्त नळांच्या खुणा, आणि कोपऱ्यांत चिकटलेले करडे, कापसाळ गोळे. मी दारातच थांबले. पत्र्यातला माल सिमेंटमध्ये अडकलेला असतो, पण वाफेच्या नळांवर जो गुंडाळतात तो मोकळाच असतो. नुसत्या वाऱ्यानं उडतो.

"इथला माल कोणी काढला?"

"म्याच. बायलर विकायचा व्हता तवा. आठ दिस लागले. पोत्यात भरून पलीकडच्या खड्ड्यात टाकला. लई नामी लोकर, ताई! इस्तवात टाका, जळत न्हाई. एक गठुडं घरी हाय."

"घरी?"

"देवाजवळ."

मी दार ओढून घेतलं, फटीला चिकटपट्टी लावली आणि वहीत लिहायला लागले. अप्पा मागे येऊन उभे राहिले होते. "ताई, ही रिकामी खोली हाय. हिला कावून लिवता?" ते म्हणाले. "केंद्र तर पुढं होनार."

"हीच सगळ्यात वाईट खोली आहे, अप्पा. आणि तो खड्डाही लिहायचाय, म्हणजे तिथे कोणी खणणार नाही."

"आमी बी तिथं बसायचो. आमाला काय झालं?"

"तुम्ही बसायचात. यांनी आठ दिवस ओरबाडून काढलंय."

अप्पांनी बिरूमामांकडे बघितलं. ते पुन्हा चप्पल नीट करत होते. अप्पा दुकानाकडे निघून गेले, आणि संध्याकाळी जेवायला माझ्या पंगतीला बसले नाहीत. मला वाईट वाटलं. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्याच गिरणीचं मी कागदावर वाईट लिहिलं होतं. पण खोडायचं म्हणाल तर नाही, ते माझ्यानं झालं नसतं.

बिरूमामांची वस्ती

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवर गेले. गावापासून अर्ध्या तासावर, माळाला. मेंढरं नुकतीच वाघरातून, म्हणजे रात्रीच्या जाळीच्या कुंपणातून, सुटत होती आणि सगळा माळ में-में करत होता. एका मेंढीनं माझ्या ओढणीचं टोक खाल्लं, म्हणजे अक्षरशः गिळलं. मामी, म्हणजे बिरूमामांच्या बायको गोजराबाई, हसून हसून खालीच बसल्या. "नवी हाय वाटतं, चव बघायली!" ओढणीच्या बदल्यात त्यांनी मला पितळीभर मेंढीच्या दुधाचा चहा दिला. इतका दाट, की वर साय धरली. आमच्याकडे दूध म्हणजे पिशवीचं, ते मला तिथे सांगवलंही नाही.

देवळीत बिरोबाचा टाक, त्याच्याशेजारी घोंगडीच्या तुकड्यात बांधलेलं नारळाएवढं गठुडं. वर हळद-कुंकू. दर दसऱ्याला ते सोडायचं, निखाऱ्यावर धरायचं, जळत नाही हे सगळ्यांनी बघायचं, मग घरातल्या प्रत्येकानं हातात घेऊन कपाळाला लावायचं. सुना, नातवंडं, सगळ्यांनी. मामी कौतुकानं सांगत होत्या आणि मी मनातल्या मनात माणसं मोजत होते.

मी सगळ्यांना बाहेर अंगणात बसवलं आणि सांगितलं. जे आहे ते सांगितलं. हा देवाचा चमत्कार नाही, दगड आहे. दोष देवाचा नाही, तुमचाही नाही, कोणी सांगितलं नाही हा दोष आहे. दसऱ्याला हातात घेणं आणि आठ दिवस नळ ओरबाडणं यात पुष्कळ फरक आहे, पोरांचं उगाच जिवाला लावून घेऊ नका, पण आजपासून ते उघडायचं नाही.

"देवापुढची वस्तू हाय, ताई," मामी म्हणाल्या.

"देवापुढचा नारळ नासला तर तुम्ही काय करता, मामी?"

बिरूमामाच उठले, "न्या" म्हणाले. आत मात्र मी एकटीच गेले. मास्क, हातमोजे घालून गठुडं न सोडता वरूनच चिंब भिजवलं, एका पिशवीत घातलं, तोंड पिळून चिकटपट्टी लावली, मग दुसऱ्या पिशवीत. देवळी ओल्या फडक्यानं पुसली, फडकंही पिशवीत. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ॲस्बेस्टॉस, उघडू नये. परवाना असलेली माणसं येऊन नेईपर्यंत हे गिरणीतल्या कुलपात राहणार होतं. मामींनी लांबूनच त्या पिशवीला हात जोडले. मीही जोडले, का ते माहीत नाही.

मग बिरूमामा दगडावर बसून म्हणाले, "ताई, खरं सांगा. मला दम लागायलाय तो ह्याच्यानं?"

"मी डॉक्टर नाही, मामा. पण लागू शकतो. हो."

"दवाखान्यात तर धुळीचा दमा म्हनत्यात. मेंढराच्या केसानं व्हतो म्हनत्यात."

मामींनी आतून दवाखान्याच्या कागदांची पिशवी आणली. सहा वर्षांचे कागद, तीन-चार ठिकाणचे, घडीवर फाटलेले. मी एकेक उलगडला. वय, गाव, आणि व्यवसाय: मेंढपाळ. दुसऱ्यावर मेंढपाळ. तिसऱ्यावरही. पत्र्याचं नाव कुठेच नव्हतं.

"मामा, पत्र्याचं काम सांगितलंत का कधी?"

"ते कशाला? धंदा इचारला की धंदा सांगायचा. आमी धनगर, आमचा धंदा मेंढरं. पत्र्याचं काम काय, ते आपलं काम. धंदा न्हवं."

मला रडावं की चिडावं कळेना. पन्नास वर्षं पत्रे कापलेला माणूस, आणि डॉक्टर मेंढ्यांच्या केसांचा दमा समजून औषध देत बसलेले! त्यात डॉक्टरांची तरी काय चूक? विचारलं त्याचं उत्तर मिळालं होतं, आणि ते उत्तर खोटंही नव्हतं.

"अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ, तिथे हे सगळं सांगा," मी म्हटलं.

"आता सांगून काय उपेग?" मामा म्हणाले. "गेलेलं निघंल का?"

"नाही निघणार," मी म्हटलं. "तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण भलतं औषध बंद होईल. तंबाखू सोडायला सांगतील, ती सोडा. छातीवर नजर राहील. आणि पुढचा पत्रा तुम्ही कापणार नाही."

त्यांनी कागद घडीवर परत दुमडले, पिशवीत घातले. मग म्हणाले, "कधी जायचं?"

अंबाजोगाई

एसटीनं जायचं ठरलं होतं. सकाळी फाट्यावर उभे होतो तर अप्पांची जीप येऊन थांबली. अप्पा स्वतः चालवत होते. कपाळावर भस्म होतं, म्हणजे पूजा पहाटेच उरकली होती. "बस बे," एवढंच बोलले. बिरूमामा पुढे बसले, मामी आणि मी मागे. बालाघाटाचे उघडे डोंगर, वळणावर सीताफळाची वाळकी झुडपं, मध्येच हिरव्या हरभऱ्याचा पट्टा. मी काचेतून बघत होते, पण खरं तर दोघांच्या पाठींकडे बघत होते. एका टपरीवर अप्पांनी जीप थांबवून धपाटे बांधून घेतले आणि पहिला बिरूमामांच्या हातात दिला.

दवाखान्यात कागद काढायच्या खिडकीशी रांग होती. मामांना उभं राहवेना, तरी बसायला तयार नाहीत. आमचा नंबर आला. खिडकीतला पोरगेला कारकून मान खाली घालूनच विचारत होता. नाव झालं. वय झालं. गाव झालं.

"धंदा?"

"मेंढ..." मामा म्हणाले आणि थांबले. माझ्याकडे बघितलं नाही, मामींकडेही नाही. खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली. "न्हाई. पत्र्याचा मिस्त्री, असं लिवा. सिमेंटचे पत्रे कापायचा. पन्नास वर्सं. अन् गिरणीच्या बायलरवरची ती लोकर काढली, ते बी लिवा."

कारकुनानं पहिल्यांदा मान वर केली. "एवढं लिहायला जागा नाही, मामा."

"बारीक लिवा."

त्यानं लिहिलं, रकान्याबाहेर जाऊन, कडेला वळवून. मग पेन थांबवून विचारलं, "कुठली गिरणी?"

ज्या मालकाला जन्मभर टाकून बोलले, त्याचं नाव त्या कागदावर घालायला बिरूमामांची जीभ उचलेना. मागची रांग कुरकुरायला लागली. मामा शेवटी म्हणाले, "असंल कुठली तरी, व्हती एक."

अप्पा इतका वेळ मागे भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे आले, मामांच्या खांद्यावरून हात घालून खिडकीची कड धरली, आणि खिडकीत वाकले.

"माझी," ते म्हणाले. "मन्मथअप्पाची गिरणी, घाटनांदूर. म्याच काढाया लावलं. लिवा."